ज्याला थायलंड आधुनिक वैद्यकशास्त्राचा जनक म्हणतं, त्या राजपुत्राला वॉर्डात काम करायला मिळालं फक्त तीन आठवडे

थायलंड म्हणलं की आपल्याला काय आठवतं? फुकेट, पटाया, बँकॉकचं मार्केट आणि हनिमूनचं पॅकेज. हल्ली या यादीत अजून एका गोष्टीची भर पडलीय, ती म्हणजे तिथली हॉस्पिटलं. आज जगभरातून लोक उपचार करून घ्यायला बँकॉकला जातात.

पण शंभर वर्षांपूर्वी परिस्थिती अगदी उलटी होती. तेव्हा या देशाचं नाव होतं सयाम. शिकलेले डॉक्टर मोजके, हॉस्पिटलं त्याहून मोजकी. डॉक्टरकी शिकायला चांगले विद्यार्थी मिळणंही अवघड होतं.

हे चित्र कसं बदललं याची गोष्ट सांगताना थायलंडमध्ये एक नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, प्रिन्स महिडोल अदुल्यदेज. तिथे त्यांना आधुनिक वैद्यकशास्त्राचे जनक म्हणतात. त्यांच्या नावाने एक अख्खं विद्यापीठ आहे. दरवर्षी २४ सप्टेंबरला देशभर महिडोल दिन पाळला जातो.

आता खरी गंमत पुढे आहे. इतका मान मिळालेल्या या माणसाने हातात स्टेथोस्कोप घेऊन वॉर्डात डॉक्टर म्हणून काम केलं ते जेमतेम तीन आठवडे. का? तर तो राजाचा मुलगा होता म्हणून.

जरा सुरुवातीपासून बघू.

राजाचं ६९ वं अपत्य

महिडोल यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, बँकॉकच्या राजवाड्यातला. वडील म्हणजे सयामचे गाजलेले राजे चुलालोंगकोर्न, अर्थात पाचवे राम. चुलालोंगकोर्न हे नाव आपल्याला परकं वाटतं, पण ते मुळात आपल्या ओळखीचं आहे. चूडालंकरण या संस्कृत शब्दाचा तो थाई उच्चार. महिडोल म्हणजे महीतल आणि अदुल्यदेज म्हणजे अतुल्यतेज. थाई राजघराण्यातली बहुतेक नावं अशीच संस्कृत-पालीतून आलेली आहेत.

राजाला एकूण ७७ मुलं. महिडोल त्यातले ६९ वे. पण आकडा मोठा आहे म्हणून ते कोपऱ्यातले राजपुत्र होते असं समजू नका. त्यांची आई सवांग वधना ही राणी होती आणि तीही राजकन्याच. त्यामुळे महिडोल यांचा दर्जा होता चाओ फा, म्हणजे राजपुत्रांमधला सगळ्यात वरचा. त्यांचा सख्खा मोठा भाऊ वजिरुन्हिस तर सयामचा युवराज होता. पण १८९५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो टायफॉइडने गेला.

या घरात आजारपणाने झालेले मृत्यू नवीन नव्हते. राणी सवांग वधनाला एकूण आठ मुलं झाली आणि ती आठही तिच्या हयातीतच गेली. देशाच्या राणीच्या घरात ही अवस्था, तर गावाकडच्या शेतकऱ्याच्या घरात काय असेल याचा विचार करा.

बँकॉकमधलं सिरिराज हॉस्पिटल उभं राहिलं तेही अशाच एका मृत्यूतून. राजाचा एक लहानगा मुलगा सिरिराज १८८७ मध्ये हगवणीने गेला. त्याच्या अंत्यसंस्कारासाठी उभारलेल्या मंडपांचं लाकूड राजाने हॉस्पिटलच्या इमारतींसाठी दिलं. १८८८ मध्ये चाओ फ्राया नदीच्या काठावर हॉस्पिटल सुरू झालं आणि त्याला त्या पोराचंच नाव मिळालं. हे हॉस्पिटल लक्षात ठेवा, आपली गोष्ट पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

पाणबुड्यांच्या नादाला लागलेला पोरगा

महिडोल यांना डॉक्टर व्हायचं होतं का? अजिबात नाही. त्या काळच्या राजपुत्रांचा रस्ता ठरलेला असायचा. युरोपात शिकायचं आणि परत येऊन सैन्यात मोठं पद घ्यायचं.

१९०५ मध्ये त्यांना इंग्लंडला हॅरो शाळेत धाडण्यात आलं. तिथून पुढे जर्मनीत पॉट्सडॅमच्या लष्करी शाळेत. त्यानंतर ते नौदलाकडे वळले आणि जर्मन नौदलाच्या अकादमीत शिकले. पोरगा हुशार होता. पाणबुडीच्या आराखड्याची एक स्पर्धाही त्याने जिंकली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. सयाम तेव्हा तटस्थ होता, त्यामुळे महिडोल यांना जर्मन नौदल सोडून मायदेशी यावं लागलं. ते सयामच्या नौदलात रुजू झाले.

इथे पहिली ठिणगी पडली. महिडोल यांचं म्हणणं होतं की सयामसारख्या छोट्या देशाने मोठमोठ्या युद्धनौकांवर पैसा घालवू नये. आपला समुद्र उथळ, खिसा लहान. त्यापेक्षा छोट्या टॉर्पेडो बोटी आणि पाणबुड्या घ्याव्यात. पण वरचे अधिकारी इंग्लंडमध्ये शिकून आलेले. जर्मनीत शिकलेल्या या तरुणाचं म्हणणं त्यांना पटलं नाही. राजाचा भाऊ असूनही महिडोल यांचं काही चाललं नाही. नौदलात एक वर्ष पुरं व्हायच्या आतच, १९१६ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

वय २४. पद मोठं, पैसा भरपूर आणि हाताला काम नाही.

ती बोटीची फेरी

अशा वेळी त्यांच्या आयुष्यात आले त्यांचे सावत्र भाऊ प्रिन्स रंगसित. रंगसित यांच्याकडे तेव्हा राजवैद्यकीय महाविद्यालयाचा कारभार होता, म्हणजे सिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉक्टर घडवण्याचं काम. पण त्यांच्याकडे शिक्षक नव्हते, पैसा नव्हता आणि जागाही नव्हती.

रंगसित यांनी भाऊरायाला भाषण दिलं नाही. त्यांनी त्याला बोटीतून फिरायला नेलं. चाओ फ्राया नदीतून बोट बँकॉक नोईच्या कालव्यात शिरली आणि फिरत फिरत सिरिराजच्या धक्क्याला लागली.

महिडोल यांनी आत जाऊन पाहिलं. जुनाट झालेल्या इमारती, झावळ्यांनी शाकारलेल्या शेड, खाटा कमी आणि माणसं जास्त. उपचाराला पुरेसे डॉक्टर नाहीत. त्यांच्या लहानग्या भावाच्या नावाने बापाने उभारलेलं हे हॉस्पिटल, आणि त्याची ही दशा.

रंगसित यांचा हिशोब साधा होता. एक तर या भावाकडे स्वतःचा पैसा आहे. दुसरं, चाओ फा दर्जाचा राजपुत्रच डॉक्टरकी शिकायला लागला तर या पेशाकडे बघायची लोकांची नजर बदलेल.

महिडोल यांनी मान्य केलं. फक्त एक गोष्ट त्यांनी स्वतः ठरवली. नुसता पैसा द्यायचा आणि कोनशिलेवर नाव लावून घ्यायचं, हे त्यांना नको होतं. करायचंच असेल तर आधी शिकून यायचं.

मिस्टर महिडोल सोंगखला

आणि पाणबुड्यांच्या नादाला लागलेला हा राजपुत्र गेला अमेरिकेत, हार्वर्डला.

तिथे त्यांनी राजपुत्र ही पदवी बाजूला ठेवली. मिस्टर महिडोल सोंगखला एवढंच नाव लावलं. सोंगखला हा दक्षिण थायलंडमधला प्रांत, त्यांना मिळालेल्या किताबातला. नोकरचाकरांचा ताफा नाही, महाल नाही. इतर विद्यार्थ्यांसारखं घर घेऊन राहायचं आणि वर्गात जायचं. हार्वर्ड आणि एमआयटी तेव्हा मिळून सार्वजनिक आरोग्याचा एक अभ्यासक्रम चालवायचे. १९२१ मध्ये महिडोल यांनी त्याचं प्रमाणपत्र मिळवलं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर व्हायचं होतं तर सार्वजनिक आरोग्य कशाला? कारण सयामचा प्रश्न एकेका रोग्याला बरं करण्यापुरता नव्हता. कॉलरा, मलेरिया, देवी, क्षय, जंत हे तिथले मोठे मारेकरी. स्वच्छ पाणी, लसी आणि गावागावांत पोचणारी माणसं असल्याशिवाय नुसती हॉस्पिटलं बांधून भागणार नव्हतं. क्षयरोगावर तर त्यांनी लोकांना समजेल अशी माहितीही थाई भाषेत लिहिली.

याच काळात त्यांना त्यांची जोडीदार भेटली. राणी सवांग वधनाच्या शिष्यवृत्तीवर सयाममधून नर्सिंग शिकायला मुली अमेरिकेला आल्या होत्या. त्यातलीच एक संगवान तलपत. सोनारकाम करणाऱ्या बापाची मुलगी, लहानपणीच आईबाप गेलेले. तेराव्या वर्षी तिने सिरिराजच्याच नर्सिंग शाळेत प्रवेश घेतला होता.

कुठे चाओ फा आणि कुठे सोनाराची अनाथ पोरगी. पण महिडोल यांनी आईची आणि राजाची परवानगी मिळवली आणि १० सप्टेंबर १९२० ला बँकॉकच्या स्रा पथुम राजवाड्यात दोघांचं लग्न झालं. लग्नानंतर दोघं पुन्हा बॉस्टनला आले. नवरा एका कॉलेजात, बायको दुसऱ्या.

सगळ्यात मोठं काम टेबलावर झालं

महिडोल यांचं देशाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम कुठलं, असं विचारलं तर उत्तर थोडं कोरडं वाटेल. ते काम होतं वाटाघाटींचं.

अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन त्या काळात वेगवेगळ्या देशांत वैद्यकीय शिक्षणाला मदत करत होतं. सयाम सरकारलाही ती मदत हवी होती. पण परदेशी संस्थेशी बोलायचं तर समोर असा माणूस हवा ज्याला वैद्यकीय शिक्षण कळतं, इंग्रजी येतं, अमेरिका माहीत आहे आणि ज्याचा शब्द बँकॉकमध्ये चालतो. असा माणूस सयामकडे एकच होता.

महिडोल यांनी सरकारच्या वतीने फाउंडेशनशी बोलणी केली. त्यातून जे ठरलं ते असं. फाउंडेशन सिरिराजला परदेशी प्राध्यापक पाठवणार, इमारतींच्या खर्चात वाटा उचलणार आणि थाई डॉक्टरांना परदेशात शिकायला शिष्यवृत्त्या देणार. सयाम सरकार बाकीचा पैसा उभा करणार. परदेशी प्राध्यापक कायमचे राहणार नव्हते. शिष्यवृत्तीवर शिकून आलेले थाई डॉक्टर हळूहळू त्यांच्या जागा घेणार, अशी ती योजना होती.

परदेशी तज्ज्ञ आणणं सोपं असतं, पण तो गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसणारा माणूस तयार करावा लागतो. महिडोल यांनी त्यासाठी स्वतःच्या खिशातूनही कितीतरी जणांना शिष्यवृत्त्या दिल्या. सिरिराजच्या विस्तारासाठीही पैसा दिला.

१९२३ च्या शेवटी ते सयामला परतले आणि शिक्षण मंत्रालयात विद्यापीठ विभागाचे महासंचालक झाले. सिरिराजचं वैद्यकीय महाविद्यालय तोपर्यंत चुलालोंगकोर्न विद्यापीठात सामील झालं होतं. आता तिथे पदवीचा पूर्ण अभ्यासक्रम आला आणि प्रवेशाची अट वाढली. १९३० मध्ये चुलालोंगकोर्न विद्यापीठाने पहिल्यांदा पदव्या दिल्या, तेव्हा त्या घेणारे होते सिरिराजचे डॉक्टर.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सयाममध्ये आधुनिक वैद्यक आणणारे महिडोल पहिले नव्हते. १८३५ मध्ये आलेल्या डॅन बीच ब्रॅडली या अमेरिकन मिशनरी डॉक्टरने तिथे शस्त्रक्रिया केल्या, देवीची लस दिली. हॉस्पिटल चुलालोंगकोर्न राजाने बांधलं, वैद्यकीय महाविद्यालय रंगसित यांनी सांभाळलं. महिडोल यांनी काय केलं, तर या सगळ्याला जागतिक दर्जाच्या शिक्षणाची बैठक दिली. जनक हा किताब आहे तो त्यासाठी.

राजगादी जवळ होती, पण ते परत कॉलेजात गेले

एवढं झाल्यावर एखादा माणूस खुर्चीत बसून राहिला असता. पण महिडोल यांना बोचत होतं की आपण अजून डॉक्टर नाही.

त्यात तब्येत साथ देईना. मूत्रपिंडाचा विकार जडला होता. बँकॉकची दमट हवा मानवत नव्हती. १९२५ मध्ये ते पुन्हा युरोपात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजे वजिरवुध, म्हणजे सहावे राम, वारले. त्यांना मुलगा नव्हता. गादी मिळाली धाकटे भाऊ प्रजाधिपोक यांना. वारसांच्या रांगेत महिडोलही फार मागे नव्हते.

पण १९२६ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, ते बायकामुलांसह पुन्हा हार्वर्डला गेले ते एमडी पूर्ण करायला. आजारी शरीर, पदरात लहान मुलं आणि वर्गात आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरं. १९२८ मध्ये त्यांनी हार्वर्डची एमडी पदवी विशेष गुणवत्तेसह मिळवली. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये तिथल्याच केंब्रिजमधल्या हॉस्पिटलात त्यांचा धाकटा मुलगा जन्मला. त्याचं नाव भूमिबोल.

आणि मग आडवा आला त्यांचा दर्जा

डिसेंबर १९२८ मध्ये डॉक्टर महिडोल मायदेशी परतले. आता इच्छा एकच होती. सिरिराजमध्ये साधा निवासी डॉक्टर म्हणून काम करायचं, रोगी तपासायचे.

आणि तेच जमेना.

सयामच्या दरबारी रिवाजात राजघराण्यातल्या माणसाचं शरीर हा फार नाजूक विषय. सामान्य माणसाने राजघराण्यातल्या व्यक्तीला स्पर्श करायचा नाही असा जुना दंडक. महिडोल यांची सख्खी मावशी, राणी सुनंदा, १८८० मध्ये बोट उलटून नदीत बुडाली. या दंडकामुळे तिला वाचवायला कुणी हात लावला नाही, असं आजही सांगितलं जातं.

आता हाच रिवाज उलट्या बाजूने आडवा आला. चाओ फा दर्जाचा माणूस कुणाही येणाऱ्याजाणाऱ्याची नाडी बघणार, जखमा धुणार, पू काढणार, हे दरबाराला कसं चालावं? त्यांनी तपासायचंच असेल तर राजघराण्यातल्या माणसांना तपासावं.

म्हणजे बघा. ज्या दर्जामुळे त्यांना पैसा मिळाला, परदेशी शिक्षण मिळालं, रॉकफेलरच्या टेबलावर मान मिळाला, त्याच दर्जामुळे ज्या हॉस्पिटलसाठी आयुष्य खर्च केलं तिथल्या खाटेपाशी उभं राहायला मिळेना.

महिडोल यांनी भांडण मांडलं नाही. त्यांनी बँकॉक सोडलं.

चियांग माईचे मो चाओ फा

उत्तर थायलंडमध्ये, डोंगरांच्या कुशीत चियांग माई आहे. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं मॅककॉर्मिक हॉस्पिटल होतं. महिडोल यांनी तिथे काम मागितलं. हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर कॉर्ट यांनी त्यांना घेतलं. एप्रिल १९२९ च्या शेवटी ते तिथे पोचले आणि कॉर्ट यांच्याच घरी राहिले.

आणि अखेर ते डॉक्टर झाले.

दिवसा वॉर्डात, रात्री गरज पडली तर पुन्हा वॉर्डात. रोग्यांची चौकशी, तपासणी, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुने बघणं, शस्त्रक्रियेत मदत. राजाचा भाऊ आपली जखम बघतोय हे लोकांना खरं वाटेना. लोक त्यांना मो चाओ फा म्हणायला लागले. मो म्हणजे डॉक्टर. डॉक्टर राजपुत्र.

हे सुख तीन आठवडेच टिकलं. मे महिन्यात त्यांना एका ज्येष्ठ राजपुत्राच्या, म्हणजे आपल्या काकांच्या, अंत्यसंस्कारासाठी बँकॉकला परतावं लागलं. परत चियांग माईला जायचं हे ठरलेलं होतं. पण बँकॉकमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. यकृतात गळू झालं, मूत्रपिंडं आधीच खंगलेली. चार महिन्यांत सगळं संपलं.

२४ सप्टेंबर १९२९ ला, ज्या स्रा पथुम राजवाड्यात लग्न झालं होतं तिथेच, डॉक्टर महिडोल गेले. वय अवघं ३७. मागे राहिली २८ वर्षांची बायको, सहा वर्षांची मुलगी गल्याणी, चारच दिवसांपूर्वी चार वर्षांचा झालेला आनंद आणि दोन वर्षांचाही न झालेला भूमिबोल.

पुढे काय झालं?

पुढे जे झालं ते महिडोल यांच्या स्वप्नातही नसेल. १९३२ मध्ये सयाममध्ये क्रांती झाली, राजाची अमर्याद सत्ता गेली. १९३५ मध्ये प्रजाधिपोक यांनी गादी सोडली आणि नऊ वर्षांचा आनंद राजा झाला. १९४६ मध्ये आनंदचा गोळी लागून मृत्यू झाला आणि गादीवर आला भूमिबोल. त्याने पुढे ७० वर्षं राज्य केलं. आजचे राजे वजिरालोंगकोर्न हे महिडोल यांचे नातू.

राजमाता झालेल्या संगवान यांनी नवऱ्याचं काम पुढे नेलं. १९६९ मध्ये त्यांनी डॉक्टरांची स्वयंसेवी पथकं सुरू केली. ही पथकं डोंगरातल्या आणि सीमेवरच्या दुर्गम गावांत जाऊन लोकांना तपासायची. नर्सिंग शिकायला गेलेली सोनाराची पोर म्हातारपणी स्वतः त्या गावांपर्यंत पोचायची.

त्याच १९६९ मध्ये बँकॉकच्या वैद्यकशास्त्र विद्यापीठाला महिडोल हे नाव मिळालं. १९९२ मध्ये, जन्मशताब्दीला, प्रिन्स महिडोल पुरस्कार सुरू झाला. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य या दोन क्षेत्रांत जगभरातल्या लोकांना तो दिला जातो. पोटातल्या अल्सरमागचा जिवाणू ओळखणारे बॅरी मार्शल आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू शोधणारे हॅराल्ड झुर हाउसेन यांना आधी हा पुरस्कार मिळाला, नोबेल नंतर.

आणि सिरिराज हॉस्पिटल? ते आज थायलंडमधल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलांपैकी एक आहे. आवारात महिडोल यांचा पुतळा आहे. दर २४ सप्टेंबरला डॉक्टर, नर्स आणि विद्यार्थी तिथे फुलं वाहतात.

राजे भूमिबोल यांचा आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतला बराच काळ याच सिरिराजमध्ये गेला. १३ ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी तिथेच शेवटचा श्वास घेतला. ज्या हॉस्पिटलात बापाला साध्या माणसांवर उपचार करू दिले नाहीत, तिथल्याच साध्या घरांतून आलेल्या डॉक्टर-नर्सनी मुलाची अखेरपर्यंत सेवा केली.